गोव्याच्या दमट हवेत फळं सुकवायची कशी आणि टिकवायची कशी

डिचोलीहून एकीने विचारलं आहे. मागच्या मे महिन्यात तिने मुलांसाठी आंब्याची साठां घातली, म्हणजे गर पसरून वाळवलेल्या पोळ्या (एक असेल तर साठ). चार दिवस कडक ऊन मिळालं, साठां ताटावरून सुरेख सुटून आली, आणि जुलैत डबा उघडला तर बुरशी. मग तिने विजेवरचा डिहायड्रेटर, म्हणजे गरम हवेने सुकवायचं यंत्र, घेतला, त्यात अननस केला, तर फोडी वरून चामड्यासारख्या आणि आतून ओल्या. कुठे चुकतं, साखर घालावी की नको, नवशिक्याने कोणतं फळ आधी करावं आणि जमलंच तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकता येईल का, असे तिचे प्रश्न आहेत.

मी फोंडा तालुक्यातली, कुळागराच्या म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या घरातली. फळं सुकवायला लागून २२ वर्षं झाली. आधी घरापुरतं होतं, मग आमच्या बचतगटाबरोबर. या काळात जेवढं चांगलं केलं त्याच्या निम्मं तरी फेकलं असेल, त्यामुळे तुमच्या दोन्ही तक्रारी मला घरच्याच वाटल्या.

आधी साठां. चार दिवस ऊन दिलं होतं, तर ती कमी वाळली असतील हे शक्य आहे, पण माझा संशय डब्यावर जास्त आहे. पावसाळ्यात आपल्याकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, पापड नुसते ठेवले तरी मऊ पडतात. सुकवलेलं फळ म्हणजे जवळजवळ साखरच. ती हवेतला ओलावा मिठाइतकीच हावरटपणे ओढते. तुम्ही जूनमध्ये डबा दहा वेळा उघडला असेल, मुलांनी झाकण अर्धवट लावलं असेल, तर मे महिन्यात उन्हाने काढलेलं पाणी पावसाने परत घातलं. आपल्या हवेत सुकवणं हे अर्धंच काम आहे, उरलेलं अर्धं म्हणजे सुकलेलं कोरडं राखणं. पाककृती सांगणारे बहुतेकजण पहिल्या अर्ध्यावर थांबतात, कारण ते कोरड्या हवेच्या गावातून बोलत असतात.

थोडं हवेचं गणित सांगते, कंटाळू नका, पुढचं सगळं यावरच उभं आहे. फळातलं पाणी हवा घेऊन जाते. हवेत जागा असेल तरच ती नेते. मे महिन्यातली आपली हवा धरा, ३० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रता. म्हणजे हवा तीन चतुर्थांश आधीच भरलेली. तीच हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता १६ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढंच, पण हवेची तहान कैकपटींनी वाढली. आता जुलैची हवा घ्या, २६ अंश आणि ९० टक्के. ती ६० अंशांवर नेली तर १५ टक्के. म्हणजे डिहायड्रेटरच्या आत मे आणि जुलै सारखेच! हे मला कळलं तेव्हा मी चकितच झाले होते, कारण ‘पावसात सुकवणं होत नाही’ हे मी लहानपणापासून ऐकलेलं. यंत्रात होतं. पावसात होत नाही ते एवढंच, की यंत्रातून काढलेलं ताट ओट्यावर रात्रभर उघडं ठेवायचं.

आमच्या जुन्या घरात साठां पत्र्याच्या डब्यात, चुलीच्या वरच्या फळीवर असायची. आम्हा मुलांचा हात पोचू नये म्हणून ती जागा, अशी आमची समजूत. ते कारण होतंच म्हणा, पण खाली दिवसभर चूल पेटलेली, वरची हवा कायम गरम आणि म्हणून कोरडी. गॅस आला, फळी गेली, आणि पुरुमेंतातल्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, अर्ध्या वस्तू बिघडायला लागल्या. दोष मात्र ‘हल्लीच्या आंब्यांना’ मिळाला.

आता अननस. हा घोटाळा मी पहिल्याच वर्षी केला. घाई होती, यंत्राची कळ ७५-८० अंशांवर फिरवली. सहा तासांत फोडी हाताला कोरड्या लागल्या, कुरकुरीत वाटल्या, मी खूश. पंधरा दिवसांनी बरणी उघडली तर दारूचा वास. झालं असं, की जास्त उष्णतेने फोडीचा बाहेरचा थर आधी आक्रसून घट्ट झाला, आतल्या पाण्याची वाट बंद झाली. त्याला आम्ही ‘कवच धरलं’ म्हणतो. आत ओलं, बाहेर बंद, वर साखर, यीस्टला आणखी काय हवं?

म्हणून ६० अंश. त्याच्या वर जायचं नाही. शेवटच्या तीन-चार तासांत ५५ केलं तर आणखी बरं. फोडी ६ ते ७ मिलिमीटर जाड आणि सगळ्या सारख्या. चकत्या कापताना मधला दांडा काढून टाका, तो सुकल्यावर लाकूड होतो. फोडी एकमेकींना चिकटू देऊ नका. हवा खालून येणाऱ्या यंत्रात खालचं ताट आधी वाळतं, म्हणून दर तीन-चार तासांनी ताटं वरखाली करा. अर्धं झालेलं असताना मध्येच नव्या ओल्या फोडी आत सरकवू नका, त्यांचं पाणी आधीच्या फोडी पितात. यंत्र बंद खोलीत ठेवू नका, नाहीतर त्याचाच दमट श्वास ते परत आत घेतं. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने, एवढं पुरतं. अननसाला माझ्याकडे १४ ते २० तास लागतात. विजेची धास्ती असेल तर हिशोब सोपा आहे. ४०० वॅटचं यंत्र १५ तास सलग चाललं तरी ६ युनिट, आणि तापमान गाठल्यावर ते मधून मधून बंद होतं, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमीच.

कवच धरलेल्या फोडी वाचतात का? वास आलेला नसेल तर हो. एका झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून रात्रभर ठेवा. आतला ओलावा हळूहळू बाहेर येतो, सकाळी फोडी सगळीकडून सारख्या मऊ लागतात. मग ५५ अंशांवर पुन्हा पाच-सहा तास. उन्हात वाळवणाऱ्या बायका संध्याकाळी सगळं गोळा करून एकाच भांड्यात दाबून झाकून ठेवतात, त्यामागे दव टाळणं तर आहेच, पण हेही आहे.

वाळलं की नाही हे बोटाने ठरवू नका. गरम फोड नेहमी मऊ लागते आणि गार झाली की कडक, बोट दोन्ही वेळा फसतं. मी वजन करते. ताज्या गरात पाणी किती हे ठरलेलं असतं: केळ्यात सुमारे ७५ टक्के, चिकूत ७८, आंब्यात ८३, अननसात ८६. सुकवून पाणी २० टक्क्यांच्या खाली आणायचं. म्हणजे सोललेली १ किलो केळी ३१० ग्रॅमच्या आसपास आली की झाली, १ किलो अननसाच्या फोडी १७० ग्रॅमवर, १ किलो चिकू २७५ ग्रॅमवर, बिनसाखरेचा १ किलो आंब्याचा गर २०० ग्रॅमवर. फळ किती गोड यावर हे आकडे थोडे हलतात. रिकाम्या ताटाचं वजन आधी करा, भरल्यावर पुन्हा करा, आणि शेवटी किती यायला हवं ते कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून ताटाच्या कडेला लावा. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा पुरे.

दुसरी खूण याहून पक्की आहे आणि ती फारसं कोणी सांगत नाही. आर्द्रता दाखवणारं काडेपेटीएवढं डिजिटल मापक बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळतं. सुकलेल्या फोडी काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा, मापक आत टाका, झाकण घट्ट लावा आणि एक दिवस जाऊ द्या. बरणीतली हवा फळाशी जुळते, आणि मापकावर दिसतो तो फळातल्या मोकळ्या पाण्याचा आकडा. ६० किंवा त्याहून कमी आला तर निश्चिंत. ६५ च्या वर गेला तर बुरशीला वाव आहे, परत यंत्रात. ७० च्या वर असेल तर ते खाऊ नसून बुरशीला आमंत्रण आहे. पहिल्यांदा वापराल तेव्हा मापक खरं बोलतं का ते पाहून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून चिखलासारखं करा आणि मापकाबरोबर बंद बरणीत ठेवा. सहा-आठ तासांनी ७५ दिसायला हवं. तुमचं ७९ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी ४ वजा करा.

मापक नसेल तर निदान हे करा. बरणी भरून आठवडा-दहा दिवस रोज एकदा हलवा, फोडी वेगळ्या होऊ द्या, काचेवर आतून धुकं धरतं का पाहा. एका ताटातल्या सगळ्या फोडी कधीच सारख्या वाळत नाहीत, या दिवसांत जास्त वाळलेल्या कमी वाळलेल्यांचं पाणी वाटून घेतात. धुकं दिसलं तर सगळी बरणी परत यंत्रात, एक-दोन तास.

यंत्रातून काढल्यावर अर्धा तास, फार तर पाऊण तास गार होऊ द्या आणि लगेच बंद करा. गरम भरलं तर झाकणाला घाम येतो, उशिरा भरलं तर हवा काम करते. हे झालं की मोठ्या बरणीतून छोट्या भांड्यांत जा. एकदा उघडलं की आठवड्यात संपेल एवढंच एका पाकिटात, आमच्याकडे १०० ग्रॅम. घरातल्यांना रोज लागणारा डबा वेगळा. जून ते सप्टेंबर बाकीचं फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये तर वर्षभर राहतं. फ्रीजमधून काढलेली बरणी मात्र थेट उघडू नका, बाहेरच्या तापमानाला आली की मगच, नाहीतर थंड फोडींवर दव बसतं.

साठांकडे परत येते, कारण हा तुमचा खरा विषय आणि माझाही लाडका.

आंबा कोणता घ्यावा? मानकुरादला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मोसमाच्या सुरुवातीचे भाव तर बोलायलाच नकोत. एप्रिलमधला मानकुराद वाळवायला घेणं म्हणजे पैठणीची गोधडी शिवणं. मे संपता संपता भाव खाली येतात, वाऱ्याने पडलेले, थोडे डागाळलेले मिळतात, तेव्हा घ्या. मुसराद त्याहून सोयीचा. त्याचा मांगाद, म्हणजे आंब्याचा जॅम, पूर्वापार होतोच, गर दाट आणि वासाचा. घोटांचा, म्हणजे लहान रायवळ आंब्यांचा, गर आंबट-गोड म्हणून साठ चविष्ट होतं, पण दोरे फार, चाळणीतून दोनदा काढावा लागतो. कच्चट आंबा घालू नका, फार पिकून दारूकडे झुकलेलाही नको.

गर मिक्सरमधून काढून गाळून घ्या. मग जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर सतत ढवळत गरम करा, कडेने बुडबुडे यायला लागेपर्यंत. आमच्या घरात कच्चाच गर पसरत, आणि त्याची चव थोडी जास्त ताजी असते हे मान्य. पण गरम केल्याने रंग काळवंडायचा थांबतो आणि गरात असलेले जंतू मरतात. ६० अंशांचं यंत्र त्यांना वाळवतं, मारेलच असं नाही. लहान मुलांसाठी करायचं तर मी गरम केल्याशिवाय पसरत नाही. १ किलो गराला एका लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. साखर १०० ग्रॅमपर्यंत.

साखरेबद्दल विचारलं आहे म्हणून इथेच सांगते. साठ व्हायला साखर लागत नाही. साखरेने ते लवचिक होतं, चकाकी येते आणि वजन भरतं. विकणारे जास्त घालतात ते या शेवटच्या कारणासाठी. साखर पाण्याला धरून ठेवते, म्हणून साखरेचं थोडं मऊ ठेवलेलं साठही टिकतं, पण उघडं राहिलं तर तेच आधी चिकट होतं. पिकलेल्या मानकुरादला माझ्या मते साखर घालणं हा अपराध आहे. घोटांना घाला. गुळाने रंग काळसर आणि चव वेगळी येते. मला आवडते, मुलांना आवडत नाही. साखर घातलीत तर वजनाचा हिशोब बदलतो, ती सगळी घनच असते. १ किलो गर आणि १०० ग्रॅम साखर मिळून ३२० ग्रॅमवर थांबा.

आता पसरणं. जाडी ४ मिलिमीटर, वाळल्यावर ती एक मिलिमीटरच्या जवळपास राहते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या ताटात या जाडीने साधारण २८० मिलिलिटर गर बसतो, म्हणजे १ लिटर गराला साडेतीन ताटं. लोक दोनच ताटांत बसवतात आणि मग चौथ्या दिवशी वर पापुद्रा, खाली मुरंबा. ताटाला खोबरेल तेलाचा हात, अगदी पुसट. कडेला गर थोडा जाड ठेवा कारण कडा आधी वाळतात. ६० अंशांवर आठ ते दहा तास. मध्यभागी बोट दाबलं आणि खळगा पडला नाही की उलटा आणि दोन तास आणखी. उन्हात करायचं असेल तर एकावर एक दोन पातळ थर चढवा, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा.

उन्हाचंही बोलू. ऊन फुकट आहे आणि उन्हातल्या साठाला वेगळी खरपूस चव असते हे मी नाकारत नाही. पण उघड्यावर वाळवायला हवा ६० टक्क्यांच्या खाली असलेली बरी, आणि ती आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी दुपारी मिळते. आंबा नेमका ती गेल्यावर येतो. मे महिन्यात सकाळी १० ते ४ एवढाच वेळ खरा, मग आत. खाली पत्रा किंवा तापलेली गच्ची, त्यावर चार विटांवर ताट, म्हणजे खालूनही हवा फिरते. वर जुनी मच्छरदाणी, खाटेवर करत असाल तर पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी. उन्हातलं काहीही बरणीत जाण्याआधी दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, उणे १८ अंशांना, म्हणजे माश्यांनी घातलेली अंडी मरतात. अंडी दिसत नाहीत म्हणून नसतात असं नाही.

फणसाचं साठ रसाळ फणसाचं. काप्याचे गरे लांब चिरून तसेच सुकवा, मुलं खारकेसारखे चघळतात. रसाळाचा गर इतका बुळबुळीत की पसरताना हाताला आणि पळीला तेल लावावंच लागतं. पाणी घालून सैल करायचा मोह होतो, करू नका, घातलेलं पाणी तुम्हालाच परत काढायचं आहे. फणस पिकतो तेव्हा पाऊस दारात असतो, म्हणून हे काम यंत्राचंच.

नवशिक्याने आधी काय करावं? माझं उत्तर नेहमी आश्चर्याचं ठरतं: केळं आणि आवळा. दोन्ही कोरड्या हवेत करता येतात आणि चुका पोटात घालतात. केळं असं पिकलेलं घ्या की सालीवर काळे ठिपके आले आहेत पण आत घट्ट आहे. साळदाटी चालतं, मोयऱ्याचं मिंडोळी मिळालं तर सोन्याहून पिवळं. सोलून अख्खं किंवा उभं दोन भाग करून जानेवारीच्या उन्हात पाच ते सात दिवस ठेवा. तिसऱ्या दिवशी दोन तळव्यांमध्ये हलकं दाबून चपटं करा. बाहेर तपकिरी, आत मधासारखं सुकेळं होतं. रंग काळपट होणारच, घाबरू नका, तो सडल्याचा नाही. गोल चकत्या करून कुरकुरीत व्हाव्यात अशी अपेक्षा असेल तर ती सोडा, दुकानातले ते केळ्याचे वेफर्स तळलेले असतात.

आवळे डिसेंबर-जानेवारीत येतात. १ किलो आवळे वाफवा, पाकळ्या सुट्या करा, ७०० ग्रॅम साखरेत झाकून तीन दिवस ठेवा, रोज हलवा. साखर आत जाते, पाणी बाहेर येतं. सुटलेला पाक गाळून ठेवा, त्याचं उन्हाळ्यात सरबत होतं. पाकळ्या दोन दिवस उन्हात. अननसालाही ही रीत लागू आहे, आणि बाजारात ‘सुका अननस’ म्हणून मिळणारा पिवळाधमक मऊ प्रकार बहुतेकदा असा पाकातलाच असतो. तुमचा घरचा त्याच्यासारखा दिसत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. काही विक्रेते रंग राखायला गंधकयुक्त पूडही वापरतात, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. परवानगी असलेली वस्तू आहे, पण दमेकऱ्यांना तिचा त्रास होऊ शकतो. मी घरी लिंबाच्या रसावर भागवते.

चिकू न विसरता करा. सोलून आठ तुकडे, बिया काढून, ६० अंशांवर १२-१५ तास. सुकल्यावर जवळजवळ खजूर. पिकलेली पपई मला कधी जमली नाही असं नाही, पण एवढ्या कष्टाची ती नाही, वासही उग्र होतो. कलिंगडाच्या वाटेला जाऊ नका, पाणीच पाणी. काजूची बोंडं लोक विचारतात. घसा धरणारा तुरटपणा काढायला ती मिठाच्या पाण्यात उकळून मग पाकात घालावी लागतात, आणि एवढं करून जे हाती येतं ते खाताना प्रत्येक गोंयकाराच्या मनात हाच विचार येतो की याचा हुर्राक, म्हणजे बोंडांच्या रसाची दारू, झाला असता.

सोलां, म्हणजे आमसुलं, हा काही खाऊ नाही, पण त्यातली एक युक्ती मी उचलली आहे. भिरंडाची (कोकमाची) सालं एकदा वाळली की त्यांच्याच रसात बुडवून पुन्हा वाळवतात, असे तीन-चार पुट दिले की रंग आणि आंबटपणा दोन्ही चढतात. अननस कापताना ताटात जो रस गळतो तो मी आटवून ठेवते आणि फोडी अर्ध्या वाळल्यावर एकदा त्यात बुडवून काढते. वेळ तीन तासांनी वाढतो. पण चव! आंबट फळांना ॲल्युमिनियमचं ताट किंवा गॅल्व्हनाइज्ड जाळी कधीच वापरू नका, आम्ल धातू खातं. स्टील, बांबूचं सूप किंवा यंत्राबरोबर आलेली जाळी.

मुलांना देताना दोन गोष्टी. मूठभर ३० ग्रॅम सुका आंबा म्हणजे १५० ग्रॅम ताजा, साखर सगळी तीच, आणि ती दाताला चिकटून राहते. त्यामुळे डब्यात थोडा, आणि वर पाणी प्यायला सांगा. चार वर्षांखालच्या मुलाला कडक तुकडे देऊ नका, घशात अडकतात, साठाची पातळ पट्टी द्या. घरात मधुमेह असेल तर ‘फळच तर आहे’ हा युक्तिवाद ऐकून घेऊ नका.

मागच्या वर्षीच्या डब्यातली न बिघडलेली साठां अजून ठेवली असतील, तर टाकून द्या. बुरशीचा डाग कापून उरलेलं खाणं साठाच्या बाबतीत चालत नाही, तिचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात. डबा गरम पाण्याने धुऊन उन्हात ठेवा.

विक्रीचं म्हणाल, तर घरून विकायलाही अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते, ती आधी करा. पाकिटावर काय घातलं, केव्हा केलं, केव्हापर्यंत खावं हे लिहावं लागतं. ‘केव्हापर्यंत’ हा आकडा दुसऱ्याच्या पाकिटावरून उतरवू नका. या मे महिन्यात केलेल्यातली सहा पाकिटं जूनमध्ये फडताळात ठेवा, फ्रीजमध्ये नाही, आणि दर महिन्याला एक उघडा. मापक टाका, वास घ्या, खाऊन पाहा. आमच्या गटाने सुरुवातीला एका दुकानदाराच्या सांगण्यावरून सहा महिने छापले होते. ऑगस्टमध्ये चाळीस पाकिटं परत आली. चूक पाकिटाची निघाली, पातळ प्लास्टिकमधून ओलावा आत जात होता. जाड, आतून चंदेरी थर असलेली पाकिटं घेतल्यावर तोच माल दिवाळीपर्यंत जसाच्या तसा राहिला. शुक्रवारच्या बाजारात बसणार असाल तर पाकिटं बंदच ठेवा आणि चाखायला द्यायचं छोट्या बरणीतून द्या. पावसाळ्यात ती बरणी दुपारी घरी नेऊन परत साठ्यात ओतू नका, त्या दिवशीच संपवा.